आधी पराभवाची पुस्तके वाचा

संरक्षण आणि परराष्ट्र धोरण समजून घ्यायचे तर वाचनाला सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले विचारतात, तसा आंब्याचा हंगाम उरकून मोकळे झालेले बागायतदारही विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे. आधी पराभवाची पुस्तके वाचा, आणि त्यातही आपल्या किनाऱ्यावर घडलेल्या किंवा किनाऱ्याला येऊन लागलेल्या पराभवांची. विजयाचे पुस्तक वाचून ऊर भरून येतो, ते चांगलेच. पण धोरण कुठे चुकते, इशारा कोणाच्या टेबलावर अडकतो, पैसा कशावर खर्च होतो आणि कशावर होत नाही, हे पराभवाचा हिशेब मांडणाऱ्या पुस्तकातच सापडते.

पावसच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. दक्षिणेला मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड उभा आहे. उत्तरेला रनपारला कारखान्याच्या जेट्टीवर परदेशातून कच्चा माल उतरतो. भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरीत शिरले की थिबा राजवाडा आहे, विमानतळावर तटरक्षक दल आहे. राजापूर तालुक्यात माडबनला अणुप्रकल्पाची जागा, गुहागर तालुक्यात द्रवरूप वायू उतरवणारे टर्मिनल. यातल्या प्रत्येक ठिकाणामागे एखादे वाचण्याजोगे पुस्तक, अहवाल किंवा करार आहे.

वाचताना एक वही जवळ ठेवा आणि प्रत्येक प्रकरणासाठी तीनच प्रश्न लिहा: धोक्याचा इशारा कोणी दिला? तो कोणापर्यंत पोहोचला? पोहोचल्यावर त्या माणसाने काय केले? एवढ्या तयारीवर पुढची सगळी पुस्तके वाचता येतात.

पहिले पुस्तक मराठीतच आहे, आणि ते तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ शाळेत नावापुरते भेटते आणि तिथेच सुटते. ते पुन्हा हातात घ्या. राज्य कसे चालवावे हे सांगणाऱ्या या छोट्या ग्रंथात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) हे टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रालगत जागा देऊ नये, असा स्पष्ट सल्ला आहे. व्यापारी कंपनी आणि तिच्या मागची राजसत्ता यांचे नाते इतक्या लवकर ओळखणारा मजकूर आपल्या भाषेत आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आरमारासाठी लाकूड हवे, तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे मालकाच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, हेही त्यातच आहे. आपल्या भागात ते वाक्य जास्त जवळचे वाटेल. भाषा जुनी आहे, म्हणून टिपा असलेली आवृत्ती घ्या.

आता त्याच्या शेजारी १७५५-५६ ठेवा. तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला, त्यात आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ला हाती आल्यावर इंग्रजांनी तो सहजासहजी सोडला नाही. त्याच वर्षीच्या तहात पेशव्यांना त्याच्या बदल्यात बाणकोट द्यावे लागले. धुळपांनी पुढे विजयदुर्गावरून आरमार सांभाळले, पण इंग्रजांना समुद्रावर अडवण्याची ताकद पुन्हा उभी राहिली नाही. घरातला भांडखोर भाऊ आणि बाहेरचा शक्तिमान मित्र यांतून निवड करण्याचा प्रसंग आजही देशांवर येतो, म्हणून हे प्रकरण बारकाईने वाचावे. ‘मराठी रियासत’ लिहिणारे गो. स. सरदेसाई आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचे या काळावरचे खंड वाचा, आणि इंग्रजी जमत असेल तर सुरेंद्रनाथ सेन यांचे मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचे १९२८ चे पुस्तक घ्या. के. एम. पणिक्कर यांचे ‘इंडिया अँड द इंडियन ओशन’ हे १९४५ चे छोटेसे पुस्तक त्यानंतर वाचले, तर एका किल्ल्याची गोष्ट संपूर्ण हिंदी महासागराशी कशी जोडलेली आहे ते उमगते.

दुसरे प्रकरण थिबा राजाचे. सहलीला आलेले लोक राजवाडा पाहतात, फोटो काढतात आणि जातात. पण मंडालेचा राजा रत्नागिरीत का आला, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पहिला धडा म्हणून वर्गात शिकवावा इतका मोलाचा आहे. मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातून सागवान आणत होती. थिबाच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. त्याच सुमाराला दरबार फ्रेंचांशी बोलणी करत होता आणि इंग्रजांना त्याची धास्ती होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध सुरू झाले आणि महिना पुरा होण्याआधी मंडाले पडले. १८८६ मध्ये राजाला रत्नागिरीत आणले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. कंपनीचा दंड, प्रतिस्पर्धी सत्तेची भीती आणि दोन मोठ्यांच्या मध्ये सापडलेला लहान देश: आजच्या किती बातम्या या साच्यात बसतात ते स्वतः तपासा. सुधा शाह यांचे ‘द किंग इन एक्झाइल’ (२०१२) राजघराण्याच्या रत्नागिरीतल्या दिवसांची हकीकत सविस्तर सांगते. थान्ट म्यिन्ट-ऊ यांचे ‘द रिव्हर ऑफ लॉस्ट फूटस्टेप्स’ ब्रह्मी बाजूने लिहिलेले आहे. कादंबरीतून शिरायचे असेल तर अमिताव घोष यांचे ‘द ग्लास पॅलेस’ आहे, मात्र कादंबरीवरून इतिहासाचे दाखले देऊ नका. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमध्ये पेटलेले यादवी युद्ध आणि त्याचे मणिपूर-मिझोरमवर होणारे परिणाम समजून घेताना हे वाचन कामी येते.

आता १९६२. इथे घाई करू नका. पावसाळ्याचे दोन महिने या एकाच विषयाला दिले तरी चालतील, कारण भारताच्या संरक्षण धोरणातला जवळजवळ प्रत्येक वाद या युद्धापाशी येऊन थांबतो, आणि त्यात महाराष्ट्राची माणसे अगदी मध्यभागी आहेत.

सुरुवात मराठीतून करा. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ हे ६२ च्या पराभवावरचे पुस्तक लष्करी माणसाने मराठी वाचकाला समोर बसवून सांगावे तसे आहे. नकाशा उघडा आणि नामका चू, तवांग, से ला, बोमडिला ही नावे त्यावर शोधतच वाचा. मग ब्रिगेडियर जॉन दळवींचे ‘हिमालयन ब्लंडर’. दळवी नामका चूवरच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख होते आणि चिन्यांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. त्यांच्या लिखाणात संताप आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. त्यांच्या वरचे अधिकारी लेफ्टनंट जनरल कौल यांनीही ‘द अनटोल्ड स्टोरी’ लिहून आपली बाजू मांडली आहे. ही दोन पुस्तके सुटी सुटी वाचली तर फसगत होते. लागोपाठ वाचली तर आठवणींच्या पुस्तकात लेखक स्वतःचा बचाव कुठे करतो, ते आपोआप दिसू लागते. ही नजर एकदा आली की कुठल्याही सेनापतीचे, राजदूताचे किंवा मंत्र्याचे आत्मचरित्र तुम्ही सावधपणे वाचाल.

तिसरा आवाज लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचा. कोल्हापूरकडचे थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ईशान्य सीमेवर चीन काय करू शकतो आणि तिथे आपले किती सैन्य लागेल, याचा अंदाज त्यांनी १९५९ मध्ये लेखी दिला आणि १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन तो मांडूनही दाखवला. वरून त्याला दाद मिळाली नाही. त्यांचे ‘फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट’ वाचताना वहीतले तीन प्रश्न समोर ठेवा; तिन्हींची उत्तरे मिळतात आणि वाचून वाईट वाटते.

पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. धावून जाऊन त्याने तिथे काय केले, हे मात्र कोणी सांगत नाही. यशवंतरावांच्या ‘कृष्णाकाठ’मध्ये ते शोधू नका, ते आत्मचरित्र १९४६ पाशी थांबते. त्यांचे सचिव असलेले राम प्रधान यांचे ‘डिबॅकल टू रिव्हायव्हल’ मिळवा. सेनाधिकारी आणि मंत्रालय यांच्यातला तुटलेला विश्वास कसा सांधला, सव्वाआठ लाखांच्या सेनेची आणि पाच वर्षांच्या खर्चाची आखणी कशी झाली, हे त्यातून कळते. चव्हाणांच्या रोजनिशीच्या आधाराने प्रधानांनी १९६५ च्या युद्धावर लिहिलेले पुस्तकही असेच आतून लिहिलेले आहे. दिल्लीतली संरक्षण अभ्यास संस्था १९६५ मध्ये, चव्हाण मंत्री असतानाच उभी राहिली. आज तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे आणि तिचे बरेचसे लेखन इंटरनेटवर फुकट वाचता येते. चीनची बाजू झुकती धरणारे नेव्हिल मॅक्सवेल यांचे ‘इंडियाज चायना वॉर’ आणि त्याला कागदपत्रांनिशी उत्तर ठरणारे श्रीनाथ राघवन यांचे ‘वॉर अँड पीस इन मॉडर्न इंडिया’ ही जोडी सर्वांत शेवटी घ्या. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. साठ वर्षे उलटून गेल्यावर तो नागरिकांपासून लपवण्यात देशाचे कोणते हित आहे, हे मला समजत नाही आणि पटतही नाही.

१९७१ हे विजयाचे वर्ष. पण त्यातही ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी वाचलेल्या सैनिकांच्या आठवणी एकत्र केल्या आहेत, त्या अॅडमिरल कोहलींच्या ‘वी डेअर्ड’ या विजयकथेच्या जोडीने वाचाव्यात. कोहली त्या वेळी पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख होते. कारगिलसाठी पित्र्यांचेच ‘डोमेल ते कारगिल’ मराठीत आहे, आणि के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल पुस्तकरूपाने मिळतो. त्याच्या पाठोपाठ मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस केली; तो प्रमुख प्रत्यक्षात जानेवारी २०२० मध्ये आला. ही दोन साले वहीत एकाखाली एक लिहून ठेवा.

मग आपल्या दारात या. १९९३ च्या मुंबई स्फोटांचे सामान रायगडमधल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. मार्च २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इंटरनेटवर आहे. तो प्रचंड मोठा आहे, सगळा वाचू नका. सामान उतरवण्यासंबंधीचा आणि सीमाशुल्क व पोलीस कर्मचाऱ्यांसंबंधीचा भाग वाचा. किनारा कसा विकला जातो याचे इतके स्पष्ट वर्णन दुसरीकडे मिळणार नाही. पंधरा वर्षांनी दहा अतिरेकी गुजरातची मासेमारी नौका पळवून मुंबईला पोहोचले. त्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष तेच राम प्रधान, चव्हाणांचे सचिव. २००९ मध्ये त्यांनी आणि व्ही. बालचंद्रन यांनी दिलेल्या अहवालात समुद्रमार्गाच्या पूर्वसूचना कशा आल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, हे आहे. ६२ चे पुस्तक वाचून हा अहवाल हातात घ्या. एकाच माणसाने आयुष्याच्या दोन टोकांना जवळजवळ तेच दुखणे नोंदवले आहे, हे पाहून मी अस्वस्थ झालो.

पूर्णगडचे सागरी पोलीस ठाणे, मच्छीमारांची ओळखपत्रे, बोटींची नोंदणी, हे सगळे याच घटनाक्रमाशी जोडलेले आहे. ते समजण्यासाठी समुद्राचा कायदा थोडा माहीत हवा: किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपली प्रादेशिक हद्द, २४ पर्यंत लगतचा पट्टा, २०० पर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, आर्थिक क्षेत्र. भारताचा १९७६ चा कायदा आणि १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा करार या दोन्हींतली मोजकी कलमे वाचली तरी पुरे. जून २०१९ मध्ये ‘वायू’ वादळाच्या वेळी दहा चिनी मासेमारी नौकांना रत्नागिरीच्या आसऱ्याला येऊ दिले, तेव्हा गावागावांत तर्कांना ऊत आला होता. वादळात सापडलेल्या जहाजाला आसरा देणे हा समुद्रावरचा जुना रिवाज आहे आणि कायद्यातही त्याला जागा आहे. त्या नौका आपल्या किनाऱ्याच्या इतक्या जवळच्या समुद्रात काय करत होत्या, हा वेगळा आणि योग्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर नौदलाचे २०१५ चे सागरी सुरक्षा धोरण वाचा. इंग्रजी आहे, पण सरळ भाषेत आहे आणि फुकट मिळते.

तेलासाठी गिरीश कुबेर यांचे ‘हा तेल नावाचा इतिहास आहे!’ पुरेसे आहे. होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर आपल्या घरातल्या सिलिंडरचे काय, हे त्यानंतर कोणाला विचारावे लागत नाही. जैतापूरबद्दल मात्र एकाच बाजूचे वाचू नका. सोळाशे पन्नास मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात ज्या तावातावाने बोलला गेला, त्या मानाने तो फार कमी वाचला गेला. अमेरिकेशी अणुकरार झाला तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले अनिल काकोडकर यांचे ‘फायर अँड फ्युरी’ आणि अणुऊर्जेवर कठोर टीका करणारे एम. व्ही. रामणा यांचे ‘द पॉवर ऑफ प्रॉमिस’, दोन्ही वाचा आणि मग आपले मत बनवा.

बाहेरच्या जगासाठी मराठीत जुनी, भक्कम पुस्तके आहेत: वि. ग. कानिटकरांचे ‘व्हिएतनाम: अर्थ आणि अनर्थ’, अरुण साधूंचे चीनवरचे ‘...आणि ड्रॅगन जागा झाला’, गोविंद तळवलकरांचे सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावरचे खंड. युक्रेनचे युद्ध समजून घेणाऱ्याने तळवलकर टाळू नयेत. संज्ञा अडल्या तर मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर सामरिकशास्त्र आणि राष्ट्रीय सुरक्षेचे स्वतंत्र ज्ञानमंडळ आहे. सिद्धांताची जाड पुस्तके दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. अपवाद कौटिल्याचा: कांगले यांच्या अनुवादातून मंडल सिद्धांताचे प्रकरण लवकर वाचायला हरकत नाही.

पैशाचे आकडे स्वतः पाहण्याची सवय लावा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यातले १.६० लाख कोटींहून अधिक निवृत्तिवेतनाचे आणि १.८० लाख कोटी नव्या सामग्रीसह भांडवली खर्चाचे. हे कळले की ‘बजेट वाढले’ या मथळ्याने समाधान होत नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल उघडावेसे वाटतात. तेही फुकट आहेत.

बातम्यांविषयी कळकळीने सांगतो. मे २०२५ च्या संघर्षात नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याची बातमी काही वाहिन्यांनी रात्री चालवली. तसा हल्ला झालेला नव्हता. कराचीवरचा खरा हल्ला डिसेंबर १९७१ चा. आपल्यासारख्या किनाऱ्यावर, जिथे घरटी कोणी ना कोणी जहाजावर किंवा आखातात असतो, अशी बातमी नुसता गोंधळ घालत नाही, घरातल्यांची झोप उडवते. लढाईच्या दिवसांत सरकारी निवेदन येईपर्यंत काही पुढे पाठवू नका, आणि तटरक्षक दलाच्या किंवा नौदलाच्या हालचालींचे व्हिडिओ तर कधीच नको.

पुस्तके मिळवण्यासाठी रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय आहे. १८२८ पासून चालत आलेल्या या वाचनालयाचे सभासद व्हा आणि नसलेल्या पुस्तकांची मागणी वहीत लिहा; चार-पाच जणांनी एकच नाव लिहिले तर ते पुस्तक येण्याची शक्यता वाढते. इंग्रजी पुस्तके दोघा-तिघांत वाटून घ्या आणि ज्याने जे वाचले ते त्याने बाकीच्यांना मराठीत सांगावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बागांतली घाई संपलेली असते. आपल्याकडे वाचनाचा हाच मोसम.

एक पुस्तक मात्र कुठल्याच वाचनालयात मिळणार नाही. कोकणातल्या गावागावांत नौदलातून, पायदळातून, व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली माणसे आहेत. एकाहत्तर पाहिलेले आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी मराठीत फारच थोड्या लिहिल्या गेल्या. तुमच्या वाडीत असे कोणी आजोबा असतील तर फोनवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्यापाशी बसा. सेवेत असताना शपथेने गुप्त ठेवायचे जे असेल ते विचारू नका. जहाजाचे किंवा पलटणीचे नाव, साल, हुद्दा, त्या रात्री काय हुकूम आला, तो कोणी दिला, खाण्यापिण्याचे काय होते, घरी पत्र कधी पोहोचले, एवढे विचारा. ऐकलेले त्याच आठवड्यात लिहून काढा, त्यांना वाचून दाखवा, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करा, आणि त्यांची परवानगी असेल तर एक प्रत वाचनालयात नेऊन द्या.